थरथरत्या हाताचा पट्टा

भाची : खोटं बोलू नकोस, मामा. पट्ट्यात सगळी नोंद होते. महिनाभर तू तो दिवसाला जेमतेम अर्धा तास घातलायस.

मामा : म्हणजे माझ्याच मनगटावर हेर बसवलास.

भाची : चार वर्षं घालवली आम्ही तो बनवण्यात. त्याने थरथर थांबते, हे तू स्वतः प्रयोगशाळेत पाहिलंस. एक थेंब न सांडता पाणी प्यायलास.

मामा : प्यायलो की. मी कुठे नाही म्हणतोय?

भाची : मग घालत का नाहीस? उद्या बैठक आहे. जे वापरत नाहीत त्यांचे पट्टे परत घ्यायचं चाललंय. अकरा जणांत तू शेवटून दुसरा.

मामा : घेऊन टाक. दुकान तसंही बंदच आहे. थरथरणाऱ्या शिंप्याला कोण कापड देतं?

भाची : टोचतो का? चटका बसतो?

मामा : नाही गं. जरा मुंग्या येतात, त्याची सवय झाली.

भाची : मग काय अडलंय?

मामा : ठके, आता मी घालतो. तू मदत करायची नाहीस, नुसतं बघायचं.

(बक्कल दोनदा निसटतं, पट्टा जमिनीवर पडतो.)

भाची : राहू दे, मामा.

मामा : सकाळी तुझी मामी कामावर जाताना बांधून देते. हात धुवायला काढला, की संध्याकाळपर्यंत टेबलावर. शेजाऱ्यांना किती वेळा हाक मारायची? लाज वाटते.

भाची : प्रयोगशाळेत नर्सबाई बांधायच्या. दर वेळी, प्रत्येकाला. घरी एकट्याने तो कसा बांधायचा, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मामा : दिव्याखाली अंधार.

भाची : सगळ्यात कमी वापर एका आजोबांचा आहे. एकटेच राहतात. यादीत त्यांच्या नावापुढे मी लिहिलंय, 'इच्छाशक्ती कमी'. माझ्या हाताने लिहिलंय, मामा.

मामा : रड नंतर. आधी ती कात्री घे. जाड पट्टी काप, वीतभर, बक्कलवाली काढून हीच लावू. एका टोकाला ही कडी शिव, दुसऱ्या टोकाला वेल्क्रो. कडीतून घालायची, उलटी ओढायची, दाबायची. थरथरत्या हाताला ओढता येतं गं, नेम तेवढा धरता येत नाही.

भाची : पण थरथर थांबवणारी वीज सोडतात त्या आतल्या पत्र्या नसेवर घट्ट बसायला हव्यात.

मामा : चाळीस वर्षं कफ बसवलेत मी. किती घट्ट आणि किती सैल, ते मला नको शिकवूस. वाकडं कापतेयस.

भाची : मी इंजिनिअर आहे.

मामा : दिसतंय. (भाची कडी आणि वेल्क्रो शिवून पट्टी जोडते.) आण इकडे. हं, ओढला. बसला बघ.

भाची : बटण दाब. आता पाच मिनिटं थांबायचं.

मामा : महिनाभर थांबलोच की.

भाची : मामा, हात बघ.

मामा : बघतोय. तू बोलू नकोस, मला रडू येईल.

भाची : उद्या बैठकीत हाच पट्टा टेबलावर ठेवते.

मामा : एक ठेवून काय होतंय? दे ती कात्री. त्या आजोबांच्या मनगटाचं माप आहे का तुझ्याकडे?