न्यायला आलो होतो

आई: तिसऱ्यांदा आपण याच टाकीपाशी आलोय.

मामा: ही वेगळी टाकी आहे, ताई. मघाची निळी होती.

आई: आणि ही काय आहे?

मामा: ही पण निळीच आहे. पण हिला नळ तीन आहेत.

आई: वीस वर्षं बस चालवतोस आणि तुला एक तंबू सापडेना.

मामा: बसचा रस्ता ठरलेला असतो. इथे बारा हजार पोरं, एकाच कापडाचे तंबू, एकाच रंगाचे स्कार्फ. स्काउट कोण नि गाइड कोण तेही लांबून कळत नाही. आणि ज्याला विचारावं तो म्हणतो, सरळ जा.

आई: फाटकावरच्या त्या बाईने नकाशा दिलाय ना? मग?

मामा: बघतोच आहे.

आई: उलटा धरून बघतोयस. दे इकडे. तिचं पथक एकोणचाळीस. हे सदतीस, हे अडतीस, आणि पुढे एकदम बासष्ट. कुणी काढलाय हा? मी अशी मापं घेतली असती तर गिऱ्हाइकाने कपडा तोंडावर फेकला असता.

मामा: जरा टेक त्या बाकावर. पाणी पी.

आई: टेकायला आलेय का मी? सोमवारी पोरगी फोनवर हुंदके देत होती. आई, तू ये, म्हणाली. आज गुरुवार. तीन दिवस माझ्या घशाखाली घास उतरलेला नाही. मंगळवारी तुला म्हटलं चल, तर तुझी ड्युटी. बुधवारी म्हटलं, तर म्हणे भेटीचा दिवस गुरुवारच.

मामा: गुरुवारच आहे. आधी आत सोडत नाहीत.

आई: रडणाऱ्या पोरीच्या आईलाही नाही?

मामा: सगळ्यांच्या आयांना असंच वाटतं म्हणून तर नियम केलाय. या पिशवीत काय भरलंयस गं? खांदा निखळला माझा.

आई: तिचे घरचे कपडे, चपला, टॉवेल. खाऊचा डबा. गाडीत बसली की बदलेल कपडे. गणवेशात आली तर शेजारी विचारणार, चार दिवसांत कशी काय परत?

मामा: आणि ती येत नाही म्हणाली तर?

आई: का नाही येणार?

मामा: काही नाही. सहज म्हटलं.

आई: तू सहज काही बोलत नाहीस. तुझे कान लाल झालेत.

मामा: ऊन आहे.

आई: लहानपणी माझी पाटी फोडून तू असाच उभा होतास, ऊन आहे म्हणत. काय लपवतोयस?

मामा: ती बघ, पाटी. एकोणचाळीस. त्या काठीला बांधलीय.

आई: कुठे? अगंबाई, ती काय चुलीपाशी. पाठमोरी आहे, पण तीच. मान बघ ना, तिच्या बाबांसारखी. बबडे! ए बबडे!

मुलगी: आई? हळू ना. इथे बबडी नको म्हणूस.

आई: नाकाचं सालपट निघालंय तुझ्या. आणि हाताला काय झालं?

मुलगी: चटका बसला, मंगळवारी. बरा झाला आता. मामा, ही पिशवी कसली?

मामा: तुझ्या आईला विचार.

आई: तुझे कपडे आहेत. चल, वळकटी बांध. तुमच्या बाईंना मी सांगते, कुठे सही करायची तिथे करते. ऊन उतरायच्या आत निघू.

मुलगी: निघू म्हणजे? मामा, तू हिला सांगितलं नाहीस?

मामा: त्याचं असं झालं…

आई: काय सांगायचं होतं?

मुलगी: मी मंगळवारी परत फोन केला होता. मामाला. म्हटलं, मी ठीक आहे, आईला सांग न्यायला येऊ नका. आमच्या संघनायिकेचा पाय मुरगळला, ती घरी गेली, आणि बाईंनी संघ माझ्याकडे दिला. सात जणी आहेत. स्वयंपाक, पाणी, तंबूची दोरखंडं, सगळं मी बघते. मी कशी येऊ?

आई: मंगळवारी? आज गुरुवार आहे.

मामा: ताई, ऐक.

आई: तू गप्प बस. दोन दिवस मी उपाशी, दोन दिवस डोळ्याला डोळा नाही, आणि तुला ठाऊक होतं? सकाळपासून दीडशे किलोमीटर गाडी चालवलीस आणि तोंडातून एक शब्द काढला नाहीस? गाणी लावत होतास.

मामा: हो.

आई: हो काय? लाज वाटते का?

मामा: थोडी वाटते. पण तुला सांगितलं असतं की पोरगी मजेत आहे, तर तू आली असतीस का?

आई: कशाला आले असते?

मामा: तेच. भाऊजी गेल्यापासून तू जिना उतरलेली नाहीस. चौदा महिने झाले. गिऱ्हाईक घरी येतं, सामान ही आणते, बिलं मी भरतो. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला बोलावलं तर ताप आला तुला. स्वतःसाठी तू येणार नव्हतीस, माझ्यासाठी तर नाहीच. हिच्यासाठी आलीस. मी दुसरं काय करायला हवं होतं, तू सांग.

आई: खोटं बोलायला नको होतंस.

मामा: खोटं नाही बोललो. गप्प राहिलो.

आई: मोठा आला हरिश्चंद्र. आणि तू गं? फोन मला का नाही केलास?

मुलगी: तुझा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा ये म्हणाले असते.

आई: म्हणजे आठवण येत होती ना घराची? मग?

मुलगी: घराची नाही.

आई: मग सोमवारी का रडलीस एवढी?

मुलगी: सांगू? रागावशील.

आई: रागावलेलीच आहे. सांग.

मुलगी: सोमवारी तीन वाजले. रोज तीनला मी शाळेतून येते आणि तुझ्या खोलीचे पडदे उघडते. तू मशीनवर दिवा लावून बसलेली असतेस, दुपारी. इथे मैदानावर एवढं ऊन होतं आणि मला एकदम वाटलं, आज ते पडदे कोण उघडणार? आठवडाभर कोण उघडणार? मग रडूच आलं. ये म्हटलं ते मला न्यायला नाही गं. तू एकटी होतीस म्हणून.

(चुलीवरचं भांडं उतू जातं. मुलगी ते फडक्याने धरून खाली ठेवते.)

आई: बुधवारी मीच उघडले.

मुलगी: तू?

आई: दिवा गेला. सुईत दोरा ओवता येईना. मग काय करणार? खूप धूळ बसलीय त्यांच्यावर. धुवायला हवेत.

मुलगी: मी आल्यावर धुते.

आई: तू कशाला? मला हात नाहीत का?

मामा: ताई, चार वाजेपर्यंतच थांबू देतात इथे.

आई: मला घड्याळ कळतं. तुझ्याशी मी गाडीत बोलणार आहे, आत्ता नाही. हे घे गं, खाऊचा डबा. बाकीचं परत नेते. त्या तंबूच्या दारात कोण बसलीय मुसमुसत?

मुलगी: आमच्यातली सगळ्यात लहान. तिच्याकडचं कुणी आलं नाही आज. सगळ्या जणी मिळून तिला पाण्याला घेऊन जाणार आहोत, जरा बरं वाटेल तिला. आई, मला जावं लागेल.

आई: मग जा ना.

मुलगी: तू रागावून नाही ना चाललीस?

आई: तुझ्यावर नाही. डबा आधी तिच्यापुढे उघड. आणि त्या चटक्याला काहीतरी लाव, नुसता बरा झाला म्हणू नकोस.

मुलगी: लावते. रविवारी येते मी. स्वतः येणार, बसने. न्यायला येऊ नका.

मामा: बस माझीच असेल कदाचित.

मुलगी: मग तिकीट काढेन. येते आई.

मामा: गेली. चल, पिशवी दे. फाटक त्या बाजूला असावं बहुतेक.

आई: थांब जरा.

मामा: का? निघायची घाई तुलाच होती.

आई: त्या सगळ्या टाकीवरून याच वाटेने परत येतील ना? बसू इथे, या बाकावर.

मामा: परत हाक मारणारेस तिला?

आई: नाही रे. नुसती बघणार.