बेसिनवरची वाटी

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. त्याचा गाल सुजलेला, तिच्या मांडीवर कापडी पिशवी.

"पिशवीत काय आहे?"

"बाबांची कवळी. वाटीसकट आणलीय. डॉक्टरांना विचारते, हिचं करायचं काय."

"मला न विचारता उचललीस?"

"हळू बोला. बाबा गेल्यावर कपडे दिले, काठी दिली, पलंगसुद्धा गेला. हीच तेवढी अजून बेसिनवर. पोरं दात घासायला तिकडे जायला तयार नाहीत."

"रविवारी मी काढणारच होतो."

"तुमचा रविवार कधी उजाडतोय! आणि काढणारच होतात, तर रोज सकाळी वाटीतलं पाणी कशाला बदलत होता?"

"कोण, मी?"

"मग कोण? मी आज पहिल्यांदा हात लावला, तोही रुमालात धरून."

"अगं, मला वाटायचं, तू बदलतेस."

"मी कशाला बदलू? अहो... पण आई तर म्हणाल्या होत्या, सगळं देऊन टाका, मला काही नको."

"म्हणाली होती."

"तुमचा फोन वाजतोय. घरून आहे."

"हॅलो... हो, आई. नाही, अजून नंबर आला नाही... वाटी? हो, हो, आमच्याजवळच आहे. अगं, सांगतोय ना, आहे."

"काय म्हणाल्या?"

"आजचं पाणी बदलायचं राहिलंय म्हणते. ऊठ, घरी चल."

"अहो, पण तुमचा दात?"

"दुखू दे."