लंबूताई शाळेत जाते

आई : नाही म्हणजे नाही! शाळेत कोळी न्यायचा नसतो.

लेक : कोळी नाही, कोळीण. लंबूताई.

आई : नावही ठेवून झालं का?

लेक : रंगारीकाका आज तिला झाडूने झटकून टाकणार.

रंगारी : मुद्दाम नाही हं बाळा. जाळी काढल्याशिवाय रंग धरत नाही भिंतीला.

लेक : बघ! आणि बाईंनीच सांगितलंय, आपला पाळीव प्राणी आणा आणि त्याच्याबद्दल बोला.

आई : पाळीव! हिला कधी पाळलंस तू?

लेक : आपण या घरात राहायला आलो तेव्हापासून. रोज गप्पा मारते मी तिच्याशी.

आई : कसल्या गप्पा?

लेक : शाळेतल्या.

आई : आणि शाळेत कुणाशी मारतेस?

लेक : आई, उशीर होतोय ना शाळेला.

आई : बाई सांगत होत्या, नवीन शाळेत आल्यापासून हजेरीलासुद्धा नुसता हात वर करतेस.

लेक : लंबूताईबद्दल बोलेन ना. मोठ्याने.

आई : नक्की?

लेक : नक्की. पण ती छताला आहे. माझा हात पोचत नाही.

आई : दादा, तेवढी काढून देता?

रंगारी : ताई, खरं सांगू? शिडीवर म्हणाल तिथे चढेन, पण ते आठ पाय बघितले की माझे दोन लटपटतात. लांब दांड्याचा झाडू उगाच नाही बाळगत मी.

आई : म्हणजे मीच चढू? झुरळ दिसलं तर घर डोक्यावर घेते मी!

लेक : सोप्पंय आई. बरणी छताला टेकव, मग मधून पुठ्ठा सरकव.

आई : दादा, शिडी धरलीत ना?

रंगारी : धरलीये. डोळे मिटलेत, पण धरलीये.

आई : आई गं! हलली! हलली!

लेक : जिवंत आहे म्हणून हलली.

आई : शहाणपणा पुरे… आली! आली बरणीत! घे गं बाई, घे हे ध्यान लवकर!

रंगारी : उघडू का डोळे?

(दुपारी, शाळेच्या फाटकाशी.)

आई : बरणी रिकामी कशी?

लेक : वर्गाच्या खिडकीतून सोडलं तिला. बाहेर झाड आहे.

आई : आणि बोललीस का गं?

लेक : हो. मग बाई म्हणाल्या, "आता बस हं, बाकीच्यांनाही बोलू दे."

आई : तुला म्हणाल्या? तुला?

लेक : दोनदा. रडतेस काय आई? रागावल्या नव्हत्या काही.

आई : रडत नाही गं. सकाळपासून भिंती खरवडतेय, डोळ्यात कण गेलाय.

लेक : खिडकी घट्ट बसली होती ना, तर पुढच्या बाकावरच्या मुलीने जोर लावून उघडून दिली. उद्यापासून मी तिच्याजवळ बसणार.

आई : अरे वा! नाव काय तिचं?

लेक : ते राहिलंच की! आधी तिने माझं विचारलं.