भिंतीवरचे अकरा

शेफील्डच्या कोर्टाबाहेर तान्ह्याला मांडीवर घेऊन बसलेल्या हॅरिएटच्या कानावर शेजारच्या बाकावरचं बोलणं पडत होतं. म्हाताऱ्यांना घरी जाऊन सांभाळणारी एक बाई आणि तिचा तरुण वकील.

"वहीत तुम्ही सात लिहिलंत, ग्लेनिसबाई. आर्थर आजोबांच्या दारावरचं यंत्र तुमच्या येण्याची वेळ आठ म्हणतंय."

"ऑक्टोबरातला शेवटचा रविवार होता तो! सगळा देश घड्याळं तासभर मागे घेतो. यंत्राचं कुणी घेतलं नसेल."

"यंत्र बरोबर, असं कायदा धरून चालतो. चूक आपण दाखवायची."

"कशी दाखवू, बाळा? यंत्र तर कंपनीने काढून नेलंय."

"म्हणून म्हणतो, उशीर कबूल करा. शिक्षा कमी होईल."

"म्हणजे आजोबा तासभर जमिनीवर पडून होते आणि मी अंथरुणात लोळत होते? अरे, सातला मीच त्यांना उचललं!"

शिपायाने दार उघडलं. "ग्लेनिस हार्गरीव्ह्ज! दहा वाजले, चला."

हॅरिएट दचकली. "दहा? भिंतीवर तर अकरा वाजलेत! बाळाची दुधाची वेळ चुकली की काय?"

"ते घड्याळ होय?" शिपाई हसला. "ऑक्टोबरात ते कुणी मागे घेत नाही. मार्चमध्ये सगळे पुन्हा तासभर पुढे जातात, तोपर्यंत तसंच असतं, पोरी. इथे सगळ्यांना ठाऊक आहे."

भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवत ग्लेनिस उठली.

"मी काही कबूल करत नाही, बाळा. आणि हे आत तू सांगतोस, की हेही मीच सिद्ध करू?"