नीळकंठेश्वराचा झरा दुपारी का झोपायचा

या मंडळी, सरकून बसा. दिवसभर राबून कीर्तनाला आलात, डोळे मिटतायत, दिसतंय मला! तरी एक विचारतो. देवाच्या दारात जे जे वाहतं, ते सगळं पुण्यच असतं का? — लगेच माना डोलवू नका! आधी ऐका.

नांदवळ नावाचं गाव. गावाला नगरपालिका, आणि नगरपालिकेला एक फिटर — सिद्राम म्हेत्रे. तीस वर्षं पाइपांशी संसार! त्याचं यंत्र कुठलं? हातभर लोखंडी गज. एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. आत गळती असली की सूं... आवाज यायचा. आपण नामघोष ऐकतो ना, तसं तो पाणी ऐकायचा. पण आताशा ऐकून ऐकून दमला होता. कारण गळती दाखवली की साहेब म्हणायचे, "बघू!"

घर त्याचं टेकडीवर, माळआळीत. शेजारीच गावाची टाकी! पण टाकी भरायची अर्धीच. पाणी खालच्या आळ्यांना उतरून जायचं आणि माळआळीचा नळ नुसता फुसफुसायचा. सिद्रामची बायको हौसाबाई कमरेला पट्टा बांधून एकशे दहा पायऱ्या उतरायची, नि कळशी घेऊन तेवढ्याच चढायची. फिटरच्या घरी पाणी नाही! — हसा, हसा. तिला नाही हसू यायचं.

उतरायची कुठं? नीळकंठेश्वराच्या देवळात. दोन वर्षांपूर्वी पिंडीमागच्या दगडातून झरा फुटला होता. गंगा आली! नारळ फुटले, रांगा लागल्या. झराही मोठा शिस्तीचा — देऊळ उघडं असेतो वाहायचा, फक्त दुपारी बारा ते तीन आटायचा. गुरवकाका सांगायचे, "देव विश्रांती घेतायत." आणि गावात भारनियमन किती वाजता? ... तबलजी हसले, त्यांना कळलं! बारा ते तीन! वीज गेली की नदीवरचा पंप बंद, पंप बंद की देव झोपले!

सिद्रामला हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मग बोलला का नाही? अहो, हौसाबाई ते पाणी आधी डोळ्यांना लावायची, मग कळशीत भरायची. "नगरपालिकेनं दिलं नाही, देवानं दिलं," म्हणायची. दमलेल्या माणसाला बायकोची श्रद्धा मोडवत नाही हो.

मग एका सकाळी गावात भोंगा फिरला — पाणीपट्टी बाराशेची दोन हजार! कर्ज काढून दुसरा पंप बसवायचाय! आणि त्याच दिवशी हौसाबाई सत्तराव्या पायरीवर जी बसली, ती उठेचना.

सिद्राम धावत आला. "अगं, सोड आता हे पाणी आणणं."

"मग काय पिऊ? तुमचा गज?"

"हे आपलंच पाणी आहे गं," तो खाली बघत म्हणाला. "टाकीकडे निघालेलं. देवळाखाली पाइप फुटलाय. वास घे, पावडरीचा येतोय. नळाच्या पाण्यात टाकतात ती."

तिनं कळशी नाकाशी नेली. "कधीपासून माहीत होतं?"

"दोन वर्षं."

"आणि मी वाहत राहिले."

बस्, एवढंच म्हणाली.

सिद्राम उठला, तो थेट मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलापुढे. "साहेब, पंप चौदा तास चालतो. शंभर घागरी उपसतो, टाकीत साठ पडतात. चाळीस घागरींची वीज गेली, पावडर गेली, मजुरी गेली. दुसरा पंप आणलात, तर तोही देवाला अभिषेकच घालेल!" साहेब हसले. मग कागद ओढून आकडे मांडले, आणि हसू थांबलं. पाइप जोडायला खर्च सहा हजार. विजेचे वाचणार महिन्याला लाखभर!

कुदळी पडल्या. गुरवकाका आडवे आले. "सिद्राम, गंगा बुजवतोस? तुझ्या सात पिढ्या भोगतील!"

"भोगू द्या काका. माझी ही पिढी आधीच पायऱ्यांवर बसलीय."

पाइप जोडला. झरा आटला. चार दिवस गावात कुणी सिद्रामशी बोललं नाही. हौसाबाईसुद्धा नाही. पाचव्या दिवशी टाकी काठोकाठ भरली, तीही पंप दहाच तास चालवून. माळआळीचा नळ खोकला, थुंकला, आणि धो धो आला! कर्जाची फाइल बंद झाली, पाणीपट्टी बाराशेवरच राहिली.

हौसाबाईनं त्या नळाचा एक तांब्या भरला. पट्टा आवळला, सावकाश पायऱ्या उतरली. गुरवकाका बाजूला झाले. पिंडीवर धार धरून ती म्हणाली, "देवा, ते तुझं नव्हतं, आमचं होतं. चुकून येत होतं. हे मात्र मी देतेय."

कळलं का, मंडळी? गळून गेलं ते अर्पण नव्हे. हातानं दिलं ते!

आता आरतीआधी जरा टाळ खाली ठेवा. गप्प बसा. ... ऐकू येतंय? बाहेरचा पाय धुवायचा नळ गळतोय! तुम्ही आत आलात तेव्हापासून ऐकतोय मी. तास झाला. आरती थांबेल, देव काही रागवायचे नाहीत. मी तर उभाच आहे — तुमच्यातलं कोण उठतंय?