इन्सुलिनच्या झाडाची फांदी

—तिथून नको, तिथून नको, पेराच्या खाली काप, तिरका काप दे—हां. आईला सांग, कुंडीतून पाणी वाहून जायला हवं, साचलं की कंद कुजलाच. इन्सुलिनचं झाड म्हणतात याला. आता नावच ते, आणखी काय दाखला हवा? अर्ध्या धायरीला मी फांद्या वाटल्यात, अक्षता. एकाचीही तक्रार नाही. पुण्यात तक्रार नाही म्हणजे गुण आलाच म्हणायचा! ये, गच्चीवर ऊन झालंय, आत बस, गवती चहा टाकते. हळू बोल फक्त, हे झोपलेत. हो, आत्ता, भर दुपारी. रिटायर माणसानं कधी झोपावं याची सोसायटीची परवानगी काढायची का आता? रात्रभर उठत होते गं—तहान, तहान, तांब्यामागून तांब्या, की लगेच बाथरूम. मी म्हटलं, चांगलंय, अंगातली घाण निघतेय. ह्या झाडाचं पान खायला सुरू केलं की असं व्हायचंच. कुणी सांगितलं? कुणी कशाला सांगायला हवं, जन्म गेला माझा माती कालवण्यात.

सुई? सुई बंद केली. अगं, दचकतेस काय! फ्रीजच्या दारात त्या बाटल्या होत्या ना, तिथे आता कोरफडीचा गर ठेवते. हे आपले, ‘आनंदी, डॉक्टरांना विचारू एकदा’—मीच म्हटलं, हलवायाला विचारून कुणी गोड सोडतं का? रोज पोटाला टोचून घ्यायचे, निळे डाग पडलेले सगळे, मला बघवत नव्हतं गं. खरंच बघवत नव्हतं. मी लावलेल्या झाडानं ह्यांना बरं वाटावं, एवढंच मनात होतं—दुसरं काही नाही.

पेरूचा वास? तुलाही येतोय? मला वाटलं, मलाच भास होतोय. सकाळपासून येतोय, ह्यांच्या उशाशी बसलं की जास्तच. गच्चीतल्या पेरूला तर अजून कळ्याच आहेत—अशी काय बघतेस? साखर चढली की श्वासालाच असा वास येतो म्हणतेस? तुम्हा दवाखान्यातल्या लोकांना जिकडेतिकडे रोगच दिसतो. अगं, उठू नकोस, चहा गाळलाय—आत जाऊ नकोस म्हटलं ना! सकाळी बोललेत माझ्याशी. म्हणजे, ‘हूं’ म्हणाले. मघाशी पानं कुटून रस पाजला, थोडा गालावरून ओघळला, पण थोडा गेला ना पोटात?

हलवू नकोस त्यांना असं. मनगट कशाला धरतेस? तो श्वास नाही जोरात, घोरतात ते, लग्नापासून ऐकतेय मी—कुणाला फोन लावतेस? ॲम्ब्युलन्स? बरं. बरं, बोलाव. आणि हे बघ, सुईचं काही बोलू नकोस हं तिथे, उगाच—नाही, सांग. सांग, अक्षता. मीच बंद केली म्हणून सांग, ते ‘बंद नको’ म्हणत होते म्हणून सांग. इकडे दे त्यांचा हात, मी धरते. तू खाली जा, वॉचमनला मोठं गेट उघडायला सांग, नाहीतर गाडी बाहेरच अडवून धरेल तो मेला. जा ना! उभी काय राहिलीस?

थांब. घोरणं का ऐकू येत नाहीये गं?