ओली दुपटी

हॅलो?… हॅलो, साचेवाले का?… अगं आई, तू होय. मला वाटलं साचेवाल्याचा फोन आला… नाही, नाही, बोल ना… म्हणजे नको बोलूस. आत्ता वेळ नाहीये मला. रात्री करते मी…

अगं हो, खाणं झालं. दोघांचं झालं… माझं राहू दे.

रडतोय तो ढब्बूच. कडेवर आहे माझ्या. खाली ठेवला की थेट मातीकडे पळतो… हो, दात येतायत. आई, दातांचं नंतर बोलू या का?

टिकली?… आहे की. घरातच आहे… बाथरूममध्ये आहे… नाही, अंघोळ नाही करत. कडी लावून बसलीय आतून… मी कशाला लावू बाहेरून? तिनंच लावलीय… हाक मारली की हूं करते, म्हणजे ठीक आहे. बोलत नाही इतकंच.

टिकली, तो नळ बंद कर. टाकी रिकामी होईल… ऐकतेय का बघ. मघापासून नुसता नळ सोडून बसलीय, आणि माझं डोकं उठलंय त्या आवाजानं.

काय झालं म्हणजे… काही नाही गं… आई, तू ना, नुसत्या आवाजावरून ओळखतेस, हे फार वाईट आहे तुझं… बरं, ऐक. ऐकून घे, आणि मध्ये बोलू नकोस.

माझी बाई तडकलीय.

कामवाली नाही गं. माझी बाई. मागच्या खोलीतली. मातीची… हो, तीच, दवाखान्याची. खांद्यावर बाळ घेऊन बसलेली… तडकली म्हणजे भेग गेलीय. मनगटापासून निघाली ती थेट कोपरापर्यंत. मानेवरही एक आहे, बारीक. बाळाच्या पाठीवर तिनं हात ठेवलाय ना थोपटायला, तो हातच निखळायला आलाय… ढब्बू, नाही. नाही म्हटलं ना. तोंडातून काढ ते.

नाही आई, फेविकॉलनं नाही चिकटत.

अगं, ती ओली माती आहे. भाजलेली नाही. ती ओली राहते तोवरच तिच्यावरून साचा निघतो. वाळली की आकसते, आतली सळई काही आकसत नाही, मग तडकते. म्हणून तर मी रोज झोपायच्या आधी तिला ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवते, वरून प्लास्टिक. दोन महिने झाले, एक दिवस चुकले नाही… काल चुकले. काल दवाखान्यात चौथरा बघायला गेले होते ना, तू होतीस इथे. तू गेलीस आणि हा उठला. त्याला घेऊन आडवी झाले ती सकाळीच डोळा उघडला. मागच्या खोलीत पाऊलही टाकलं नाही रात्री. एक दिवस, फक्त एक दिवस बघितलं नाही मी.

आज येणार आहे ना साचेवाला. दुपारी… पुढे कसं ढकलू? उद्यापासून तो दुसऱ्या गावी जातोय मोठ्या कामावर, महिनाभर हाती लागायचा नाही. आणि दवाखाना त्याच्या आत सुरू होतोय. अंगणात चौथरा बांधून तयार आहे, आई. काल मी त्याच्यावर हात ठेवून आले.

हो, करतील दुसरं काहीतरी. कुंडी ठेवतील त्याच्यावर.

तुला नाही कळायचं… तसं नाही गं, पण ऐक. टिकली झाल्यापासून हातात आलेलं पहिलं मोठं काम आहे हे. त्या डॉक्टरीणबाईंना चारचौघांनी सांगितलं होतं, तिला दोन लहान पोरं आहेत, तिच्याकडून होणार नाही, वेळेवर तर नाहीच. त्या म्हणाल्या, पोरं आहेत म्हणूनच तिला देतेय. आता मी त्यांना काय तोंड दाखवू?… काय सांगू, की त्या चारचौघांचं बरोबर होतं?

आई, प्लीज. "मुलं मोठी झाल्यावर कर" हे आज नको. आजच्या दिवस नको… तू चित्रं काढणं सोडलंस, मला माहितीय. तू कधी तोंडानं म्हणाली नाहीस, तरी तो ब्रशांचा डबा दर वर्षी पुसून परत माळ्यावर ठेवायचीस ते मी बघितलंय. मला डबा पुसायचा नाहीये. मला पोरंही हवीत आणि हेही हवं. दोन्ही हवं. हावरट म्हण हवं तर.

…

रागावले नाही. फोन मानेत धरून पाणी मारतेय मी एका हातानं, म्हणून धापा टाकतेय. पिचकारीनं मारतेय, ते वरच्यावर ओघळून जातं. आत मुरायला ओलं फडकं गुंडाळावं लागतं, तासन्‌तास… टॉवेल लावून बघितला, त्याचे धागे चिकटतात. चादरी जाड आहेत, त्यांचे वण उठतात. त्याला जुनं, विरलेलं, मऊ सुतीच लागतं, आणि तीच फडकी सापडत नाहीयेत. कुठे कोंबलीत देव जाणे. विचारलं तर…

विचारलं म्हणजे, टिकलीला. आणखी कोणाला.

हो… तिनंच काढली. सकाळी मी उठून बघते तर ही स्टुलावर उभी, हातात तांब्या, हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले, जमिनीवर तळं. आणि माझी बाई उघडी. एक फडकं नाही अंगावर. बाळाच्या पाठीवर हिचं स्वतःचं पांघरूण टाकलेलं, ते सशांचं, चिंब ओलं. खेळत होती बहुतेक. घर-घर.

मारलं नाही. दंडाला धरून खाली उतरवली… जरा जोरात. म्हटलं, तू काढलीस ना फडकी? तर काहीतरी "आजीनं, आजीनं" सुरू केलं. मी म्हटलं, आजीचं नाव पुढे करू नकोस.   आधी आतल्या खोलीत पळाली, कपाट आपटलं धाडकन, आणि तिथून बाथरूममध्ये. कडी.

आणखी काही नाही बोलले.

…नाही म्हटलं ना.

…

बोलले, आई. मी म्हटलं, तुम्ही दोघं नसतात तर माझं काम झालं असतं.

…

हो. असंच म्हटलं. तिच्या तोंडावर. सहा वर्षांच्या पोरीला… निघून गेलं तोंडातून… माहितीय गं मला. तू काही बोलू नकोस, मी स्वतःलाच इतकं बोललेय सकाळपासून. दाराशी जाऊन दोनदा म्हटलं, ये बाहेर, नाही रागावत. तर आतून नळ आणखी मोठा केला तिनं.

टिकली? राणी? पुरे गं आता पाणी.

काय?… कसली फडकी म्हणजे? तीच गं, ढब्बूची जुनी दुपटी. तो चालायला लागला तरी मी टाकून दिली नव्हती ती. त्यांच्यासारखं पाणी दुसरं काही धरत नाही.

…

हॅलो?… आई?… आहेस ना?… हॅलो? कट झाला का?… मग बोलत का नाहीस?

काय?… परत सांग.

…

तू काढलीस.

…

थांब. थांब, एक मिनिट. सगळी काढलीस?… धुतलीस. वाळवलीस. आणि घड्या घातल्यास… प्लास्टिकचीसुद्धा?… खिडकी उघडलीस, कोंदट वास येत होता म्हणून. बरं… आणि पंखा. आई, तू पंखा लावून ठेवलास?… हो, सकाळी चालूच होता. मी म्हटलं, हेही टिकलीचंच.

नाही. ओरडत नाहीये. मला फक्त कळू दे. मी तुला सांगितलं होतं ना, त्या खोलीतल्या कशाला हात लावू नकोस?… मातीला नाही लावलास. बरोबर आहे. मातीला नाहीच लावलास.

पण का गं?… आई, रडू नकोस. मी काही बोलतेय का? मी नुसतं विचारतेय, का?

…

बाळ ओल्यात होतं.

…

आई, ते मातीचं आहे.

…

हो… हो, माहितीय तुलाही. पण बघवलं नाही… झोपलेलं लेकरू, अंगावर थंडगार ओली दुपटी, आणि आपण दार लावून घरी कसं जायचं… अगं, हसत नाहीये मी. कशी आहेस गं तू… नाही, हसतेयच बहुतेक. नाहीतर रडतेय, मला कळत नाहीये नक्की. दोन महिने मी त्याच्या त्या मानेच्या वळीवर जीव टाकतेय, ती झोपलेल्या बाळाची वाटावी म्हणून. आणि तुला इतकी वाटली की तू माझं सगळं काम वाळवून ठेवलंस.

शाबासकी नाहीये ही… जरा आहे.

थांब. थांब जरा, आई… मग टिकली? ती होती तिथे, तू काढत होतीस तेव्हा?… काय म्हणाली ती?… "आई ओरडेल." आणि तू तिला म्हणालीस, मी सांगते आईला. आणि मग विसरलीस.

…

म्हणजे तिनं नाही काढली. ती… आई, ती सकाळी पाणी घालत होती गं. मीच तिला सांगितलेलं, मातीला तहान लागते, म्हणून रोज पाणी द्यायचं. ती माझ्या आधी उठली, तिनं बघितलं आणि स्टूल ओढून पाणी घालायला लागली. आणि दुपटी मिळेनात म्हणून स्वतःचं पांघरूण भिजवलं. त्या सशांच्या पांघरुणाशिवाय ती झोपत नाही, माहितीय ना तुला? प्रवासालासुद्धा घेऊन जावं लागतं… थांब, बघू दे मला.

…

मऊ आहे. आई, बाळ मऊ आहे. अंगठा दाबला तर उमटतोय. मानेची वळी तशीच्या तशी. जिथे तिचं पांघरूण होतं, तेवढं सगळं वाचलंय… आईचाच हात तेवढा तडकलाय.

आणि मी तिला म्हटलं, तुम्ही नसतात तर.

…

होईल का नीट, कोण जाणे. दुपारपर्यंत गुंडाळून ठेवली, भेगेत पातळ माती भरली, तर मनगट धरेल कदाचित. साचेवाल्याला विचारते, संध्याकाळी येतोस का म्हणून. पाया पडते त्याच्या. पण दुपटी हवीत. सगळी. कुठे ठेवलीस?… आतल्या कपाटात, टिकलीच्या फ्रॉकांखाली. बरं, बघते. फोन धर… ढब्बू, मान सोड माझी, केस ओढू नकोस…

नाहीयेत गं इथे… खालीही नाहीत. फ्रॉक सगळे विस्कटलेत, दुपटी एक नाही. तुला नक्की आठवतंय?… अगं, मीही डोळे उघडूनच बघतेय. कप्पा रिकामा आहे. म्हणजे सकाळी कोणीतरी इथून…

…

आई, नळ बंद झाला.

…

कडी काढतेय. गप्प बस जरा.

…

टिकली?

…

अगं बाई.

…

आई… बादली घेऊन आलीय. ओढत ओढत. उचलत नाहीये तिला. कमरेपर्यंत भिजलीय… दुपटी आहेत त्यात. सगळी. भिजवलेली, पिळलेली, मी पिळते तशी… इतका वेळ ती आत बसून… मला वाटलं, ती रुसून बसलीय.

ये. ये इकडे, टिकली. राहू दे बादली तिथेच, मी उचलते… नाही, नाही रागवणार. तू नाही काढलीस, मला कळलं. आजीनं सांगितलं… हो, फोनवर तीच आहे… मी मघाशी जे बोलले ना, ते खोटं होतं. साफ खोटं. आई चुकली… हो, आयासुद्धा चुकतात. बघ, ही आजीपण चुकली.

ऐकलंस ना?… "आजीला ओरडू नकोस" म्हणतेय.

ये तू आई. निघ लगेच. याला घ्यायला कोणीतरी हवंय, मला एक हात पुरत नाही… गुडघ्याला पट्टा बांधून ये. आणि येताना तुझी जुनी सुती पातळं असतील तर आण एक-दोन… फाडणार आहे मी, हो. आणि आल्यावर पंख्याला हात लावायचा नाही.

काय गं, टिकली?… काय विचारतेयस?

…

आई, ती विचारतेय, आधी बाळाला घालू की आईला.

…

आईला घाल, राजा. बाळ ओलंच आहे, तू ठेवलंस ना त्याला ओलं. आधी आईला घाल. मनगटापासून… हळू… हां, अस्संच.

आई, ठेवते आता. दोन्ही हात लागतात याला.